धापेला थकवा म्हणालो

३ फेब्रुवारी
बायकोनं, कौसानं, पाण्याची कळशी उंबऱ्यातच टेकवली. म्हणाली, धाप लागली. मी म्हणालो, थकली असशील, वय झालं. तर म्हणे, "थकवा बसलं की जातो. धाप बसल्यावर बी जात न्हाई." रविवारी नातीला, मिलिंदच्या प्रज्ञाला, पाहायला भोकरदनचे पाहुणे येणार. माझ्या डोक्यात तेच.

६ फेब्रु.
टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेलं. तिथं औषधं देणारा माणूस नेमका पाहायला येणाऱ्या मुलाचा सख्खा मामा. धाप म्हटलं की लोक दमा, क्षय, काय काय जोडतात. घराण्यातच आहे म्हणतात. म्हणून कौसाला वाटेतच बजावलं, धाप म्हणायचं नाही. डॉ.नी विचारलं तिला, बोललो मी. थकवा आहे, जेवण कमी. टॉनिक दिलं. एस.टी.त म्हणाली, "मंग नाडी बी तुमचीच दाखवायची ना." हसलो.

९ फेब्रु.
पाहुणे येऊन गेले. पसंती. आजी कुठाय विचारलं, तर सून म्हणाली, जरा पडून राह्यल्यात. नंतर आत गेलो. कौसा भिंतीला टेकून, तोंड उघडं. "जमलं ना?" एवढंच, तेही मध्ये थांबून. पेढा तसाच हातात.

१३ फेब्रु.
जालना. सकाळी तिचे ओठ निळे पडले. मिलिंदनं गाडी केली. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय कमजोर आहे, म्हणून फुप्फुसात पाणी. क्षय नाही, दमा नाही. धाप कधीपासून? मिलिंद म्हणाला, परवापासून. पोराला तेवढंच माहीत. मी शेजारी उभा होतो. 

१४ फेब्रु.
मुलाचा मामा मोसंबी घेऊन आला. "आबा, त्या दिवशी धाप म्हणाले असते तर मीच जालन्याला धाडलं असतं. माझ्या मायला हेच होतं." मोसंबी घेतली. 
लग्नाचं काही मोडलं नाही. मोडणारही नव्हतं.

१५ फेब्रु.
बाई तपासायला आल्या तेव्हा सांगून टाकलं. कापसाच्या पहिल्या वेचणीपासून धाप आहे. बसल्या जागी लागते. उशाला दोन गोधड्या घेते तेव्हा कुठं झोप. मला सगळं माहीत होतं. प्रज्ञा रडायला लागली. मिलिंद बाहेर गेला, अजून आला नाही.
बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, चार महिने म्हणजे फार झाले, बाबा. वाचेल का विचारलं. औषध बदललंय म्हणाल्या, उद्या पाहू.
कौसा जागी होती. ऐकलं असेल. डोळे मिटले तिनं. हात घेतला हातात, तर काढला नाही. पण धरलाही नाही.