जस्ताची अकरा खनिजे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.४०
शैला व्यंकटराव कहाळेकर, तुला जाऊन आज चार महिने अकरा दिवस झाले. कळविण्यास समाधान वाटते की, विभागप्रमुख प्रा. निशा, म्हणजे तुझीच विद्यार्थिनी, कॉलेजच्या भूशास्त्र संग्रहालयात तुझ्या नावाचे कपाट ठेवण्यास तयार आहेत. अट एकच. तीस वर्षांच्या सहलींतून तू जमवलेले जस्ताचे अकरा नमुने २८ तारखेपर्यंत अचूक नावांनिशी मांडावेत. अन्यथा ते प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकाच्या ट्रेमध्ये जातील. तिथे मुले दगड खरवडतात, त्यांवर ॲसिड टाकतात.

या कामासाठी कॉलेजमधील तुझ्या जुन्या खोलीच्या चाव्या मला मिळाल्या आहेत. तुझ्या वहीत अकरा नावे क्रमांकांसह आहेत. दगडांवर मात्र क्रमांक आता नाहीत. कारणाचा तपशील येथे अनावश्यक.

मी, तुझा नवरा, बी.कॉम. असलो तरी कार्यालयीन अधीक्षक म्हणून हजारो सेवापुस्तके जुळवली आहेत. दगड तर अकराच. रोज एक.

४ फेब्रुवारी
तुलनात्मक तक्ता आखला. रकाने: रंग, कस (घासल्यावर उमटणारी रेघ), कठिनता, विशिष्ट गुरुत्व.
स्फॅलेराइट: तपकिरी, राळेसारखी चमक, घासल्यास गंधकाचा वास. निश्चित.
झिंकाइट: लाल, कस नारिंगी. निश्चित.
एका दिवसात दोन. भूशास्त्राला डोळा लागतो असे तू म्हणायचीस. रकाने लागतात.

१० फेब्रुवारी
स्मिथसोनाइट आणि हेमिमॉर्फाइट. दोन्ही निळसर, दोन्ही द्राक्षांच्या घडासारखे. पहिल्याची कठिनता चार ते साडेचार, दुसऱ्याची साडेचार ते पाच. मग साडेचार नेमका कोणाचा? वेतनश्रेणीत असे आढळले असते तर मी फाइल परत पाठवली असती.

१३ फेब्रुवारी. दुपारी २
विलेमाइट अतिनील प्रकाशात हिरवे चमकते. न्हाणीघराची खिडकी झाकून दिवा लावला. दगड सर्व काळे. माझा बनियन मात्र लख्ख उजळला. दिवा सदोष असावा.

१७ फेब्रुवारी
आज निकाल अपेक्षित होता. विशिष्ट गुरुत्व: स्मिथसोनाइट ४.४, हेमिमॉर्फाइट ३.४. संशयाला जागाच नाही. दगड पाण्यात लटकवून वजने घेतली. आले ३.१, ३.९, २.९. वहीत असे कोणतेच खनिज नाही.

प्रयोगशाळेतील बन्सी, जे निवृत्तीला आले आहेत आणि तुझ्या प्रत्येक सहलीला होते, त्यांना विचारले. म्हणाले, "साहेब, मागं साधा खडक चिकटल्याला हाय. त्याचंबी वजन येतंय की. नवरदेवाला घोड्यासकट तोललं तुम्ही."
मग एक दगड उजेडात धरून म्हणाले, "ह्याची कळा कुठं गेली? अन् नंबरच्या चिठ्ठ्या? धुतले व्हय?"
धुतले, इतकेच सांगितले.
"कशानं?"
चिंचेनं, असे सांगावे लागले.
"आरारारा! साहेब, हे काय देवातलं ताम्हण हाय का?"

नोंद करणे भाग आहे. तेराव्याला सुतक फिटल्यावर घरातील सर्व काही शुद्ध करतात. घरात तुझ्या हाताखालून रोज जाणारी वस्तू म्हणजे हे दगडच. म्हणून देवाच्या भांड्यांप्रमाणे चिंचेच्या पाण्यात भिजवून काथ्याने घासले. चिठ्ठ्या सुटून वर तरंगल्या. मी त्या गाळून फेकल्या. पद्धत बरोबर होती.

२४ फेब्रुवारी
निश्चित: दोनच. निशाताई म्हणाल्या, "सर, ॲसिडचा एक थेंब टाका. स्मिथसोनाइटवर फेस येतो, हेमिमॉर्फाइटवर येत नाही. मॅडमनी केव्हाच टाकला असता." मी म्हटले, यांवर ॲसिड पडू नये म्हणूनच हा खटाटोप आहे. त्यांनी ॲसिडची बाटली माझ्यापुढे ठेवली.

२७ फेब्रुवारी. दुपारी ३.१५
तुझ्या टेबलावर असायचा तो निळा घेतला. एक थेंब. फेस! भरघोस फेस. स्मिथसोनाइट. शैला, मार्ग सापडला. उरलेले आठ उद्या दुपारपर्यंत होतील. कपाटावरील पाटीचा मजकूर लिहून ठेवला.

३.४०
बन्सी म्हणाले, "थेंब घरंगळून मागच्या चुनखडीवर गेला, साहेब. चुनखडी कुठल्याबी ॲसिडला फसफसती." निळ्या भागावर पुन्हा थेंब टाकला. काही नाही. तुझ्या वहीत पाहिले: थंड, पातळ ॲसिडला स्मिथसोनाइटही लवकर बोलत नाही. म्हणजे दोहोंपैकी काहीही. निळ्यावर पांढरट डाग पडला आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
निशाताई म्हणाल्या, "सर, 'अंदाजे' लिहून लावून टाकू. कोण तपासायला येतंय?" खूप चांगुलपणाने म्हणाल्या. मी नकार दिला. 'अंदाजे' लिहिणाऱ्या मुलांना तू तीस वर्षे शून्य दिलेस. त्याच शब्दावर तुझे नाव लावणार नाही.

१२.३० ला अकराही दगड ट्रेमध्ये ठेवले. प्रथम वर्षाची बॅच आत आली. एका मुलीने निळा उचलला, खिळ्याने रेघ ओढली आणि हा कोणी आणला होता, असे विचारले. बन्सींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, कॉलेजचा आहे.

सायंकाळी ५.२०. खोलीला कुलूप लावले. ओढून पाहिले. दोन्ही चाव्या बन्सी यांच्याकडे परत दिल्या. रजिस्टरमध्ये सही केली.