हंड्यावरचं अठराशे अडतीस

गोडादरा, सुरत
रविवार, ता. १७ मार्च १९९६

श्री. हिलालराव यांस,

सुरतेहून तुमचे दाजी योगराज यांचा नमस्कार. (वयाने आणि नात्याने मी मोठा, तेव्हा आशीर्वाद लिहायला हवा होता. लिहिलाही होता, मग खोडला. का खोडला ते पुढे येईल.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्या बहिणीचे गुडघे जिना चढताना बोलतात, बाकी दिवसभर ती स्वतः बोलते. पारोळ्याला सौ. सुनंदाबाई, मुलंबाळं आणि तुमचे सासरे तात्या बरे असतील अशी आशा आहे. तात्यांची चौकशी मी या वेळी मनापासून करतो आहे. दरवर्षी राखी पोचली की तुमच्याकडून तुरीच्या डाळीची पिशवी येते, चिठ्ठी येत नाही. डाळ चांगली शिजते. चिठ्ठी का येत नाही ते मला ठाऊक आहे, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

आमच्या परागच्या जावळाला अकरा वर्षं झाली. पंगतीत शंभर माणसं बसली होती आणि मी वाढप्याला ओरडून सांगितलं होतं, की हे पाहुणे घरजावई आहेत, यांना लाडू वाढण्याआधी पारोळ्याला तार करा आणि सासऱ्यांची परवानगी घ्या. माणसं हसली, मी सगळ्यांत जास्त हसलो, आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात ते आजतागायत सुरतेला आला नाहीत. हे मी जुनं उकरून काढत नाही. पुढची हकीकत कळायला ते लागतं म्हणून लिहिलं. पत्र फक्त माहितीसाठी आहे, दुसरा काही हेतू नाही.

तर हकीकत अशी. आपल्या वर्षासाठी एक फार चांगलं स्थळ आलं. मुलगा चेतन, कापडावरच्या छपाईची डिझाइनं काढतो, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे वर्षाला आवडलेला. (हे आम्हाला सगळ्यांत शेवटी कळलं.) वडील पांडुरंगराव माझ्यासारखेच पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आहेत, ते रंगाईच्या खात्यात आणि मी घडीच्या. मंडळी चहाला आली, पोहे झाले, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात माझी नजर आमच्या तांब्याच्या हंड्यावर गेली. तुम्ही तो पाहिलेला आहे, न्हाणीघराच्या दाराशी असतो तो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात तसं त्याच्या काठावर कासाराने ठोकलेलं आहे, ‘उखा पाटील, १८३८’. उखा म्हणजे माझे पणजोबा. मी हंडा उचलून बैठकीत आणला आणि पांडुरंगरावांच्या मांडीवर ठेवला, आणि सांगितलं की सत्तावन्नचं बंड व्हायच्याही एकोणीस वर्षं आधीपासून आमचं घराणं सुरतेत आहे. ते बिचारे हंड्याखालून हो म्हणाले. मग त्यांच्या थोरल्या भावाने सहज विचारलं, देवक कोणतं. विचारण्यासारखं काही नव्हतं, मी मात्र छाती काढून सांगितलं, उंबर. त्यांचंही देवक उंबरच निघालं.

एक देवक म्हणजे एक कूळ, आणि एक कूळ म्हणजे मुलगा-मुलगी भाऊबहीण, हे तुम्हाला सांगायला नको. मंडळींनी चहा अर्धा ठेवला. वर्षा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली आणि मला म्हणाली, ‘पप्पा, एवढं मोठ्याने सांगायची काय गरज होती?’ घडीखात्यात सव्वीस वर्षं काढली, कापडातला डाग मला दहा हातांवरून दिसतो, पण माझ्या बोलण्यातला डाग मला पोरीने दाखवावा लागला. पांडुरंगराव मात्र भले गृहस्थ. दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाशी मला गाठून म्हणाले, तुमचं मूळ कागदावर शोधा, देवक वेगळं निघालं तर आम्ही सुपारी फोडायला तयार आहोत. मला आशा एवढीच, की देवक मला वडिलांनी सांगितलेलं आणि वडिलांना कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नाही. मधे कुठेतरी चूक झालेली असू शकते.

पणजोबांची थोडी जमीन गोडादऱ्याच्या पलीकडे एका गावात होती, आजोबांनी ती विकली. तेव्हा त्या गावच्या तलाठ्याकडे जायचं ठरवलं. मिलमध्ये रजा मागितली. शेठने कारण विचारलं, मी म्हटलं पणजोबांचं काम आहे. शेठ म्हणाला, अजून आहेत? मी म्हटलं, नाहीत, पण सापडतही नाहीत. त्याने अर्जावर ‘घरनुं माणस खोवायुं छे’, म्हणजे घरचं माणूस हरवलं आहे, असं लिहून सही केली, आणि पुढे आठवडाभर अख्खं खातं मला धीर देत होतं. एकाने तर फोटो मागितला.

तलाठी जयंतीभाई म्हणजे शांत माणूस, पानाचा विडा गालात धरून हळू बोलणारा. मी म्हटलं, अठराशे अडतीसचं रजिस्टर काढा. तो विडा दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला, या कपाटात इतकं जुनं काही नाही, माझ्याखेरीज. मी हंडा सोबत नेला होता (पुरावा म्हणून, सिटी बसमध्ये त्याच्यावर दोन बायका बसून आल्या), तो टेबलावर ठेवला. जयंतीभाईने चष्मा लावून साल वाचलं आणि म्हणाला, ‘काका, आ तो संवत हशे.’ इकडे दिवाळीनंतर नवं साल लागतं ते विक्रम संवत, तुम्हाला पारोळ्याला त्याचं काही पडलेलं नसणार. संवत अठराशे अडतीस म्हणजे इसवी सन सतराशे एक्क्याऐंशी. म्हणजे पेशवाई. हिलालराव, मला त्या क्षणी देवक, सुपारी, पोरीचं उपाशी राहणं, सगळ्याचा विसर पडला. पणजोबा बसल्या जागी सत्तावन्न वर्षांनी जुने झाले. येताना मी पेढे घेतले आणि गल्लीत वाटले.

घरी तुमच्या बहिणीने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट करून म्हणाली, भांड्यावर नाव घालणारा कासार आपला मराठी, तो गुजरात्याचं साल कशाला ठोकेल? तो शकेच लिहिणार. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा. मी मिळवले. एकोणीसशे सोळा. पणजोबा एका पेढ्यात एकशे पस्तीस वर्षांनी तरुण झाले. माझ्या वडिलांनी सगळा जन्म आणि मी अर्धा जन्म ज्या हंड्यावर मिरवलो, तो आमच्या मिलच्या बॉयलरपेक्षा थोडाच जुना निघाला. वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत.

पुन्हा रजा, पुन्हा हंडा, पुन्हा जयंतीभाई. (शेठने विचारलं, मिळाले का? मी म्हटलं, माग लागला आहे.) एकोणीसशे सोळाच्या सालचं हक्कपत्रक मात्र होतं. उंदरांनी कडा खाल्लेल्या होत्या, मधला मजकूर शाबूत होता. जयंतीभाई बोट फिरवत वाचत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. गुजराती मला छान वाचता येतं, त्या दिवशी येत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. नोंद अशी होती: जमिनीचा मालक दगडू पाटील मयत झाला, ‘मरनारने पुत्र नथी, एक दीकरी छे, तेनो धणी उखा वल्द बुधा, मूळ खानदेश, घरजमाई तरीके साथे रहे छे’ (मुलगा नाही, एक मुलगी आहे, तिचा नवरा उखा घरजावई म्हणून सोबत राहतो), सबब जमीन उखाच्या नावे करावी. खाली अंगठा. तो अंगठा माझ्या पणजोबांचा.

मी जयंतीभाईला म्हटलं, परत वाचा. त्याने परत वाचलं, ‘घरजमाई’ या शब्दाशी तर जरा जास्तच थांबला, त्याला वाटलं मला शब्द लागला नाही. मला तो पुरता लागला होता. पाटीलकी सासऱ्याची, जमीन सासऱ्याची, आडनाव सासऱ्याचं आणि उंबरही सासऱ्याचा. सासरा गेला त्याच वर्षी पणजोबांनी हंडा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी स्वतःचं नाव ठोकून घेतलं. परतीच्या बसमध्ये हंडा मांडीवर घेऊन मी त्या नावावरून बोट फिरवत होतो. त्या माणसालाही कुणीतरी पंगतीत काहीतरी बोललं असेल. तुम्ही ताटावरून उठलात तेव्हाचा तुमचा चेहरा मला अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट दिसला. मला लाज वाटली, हिलालराव. सरळ लिहितो, फार लाज वाटली.

पण त्याच नोंदीने आमचं घर तारलं. कूळ चालतं बापाकडून, म्हणजे आमचं कूळ दगडूचं नाही, बुधाचं. नोंदीत नंदुरबारकडच्या गावाचं नाव होतं, ते मी मुद्दाम इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही चौकशीला जाल. मी पॅसेंजरने जाऊन आलो. बुधाचे भाऊबंद अजून तिथे आहेत, त्यांनी मला गुळाचा चहा पाजला, आणि देवक सांगितलं, कळंब. तलाठ्याची शिक्क्याची नक्कल आणि भाऊबंदांची चिठ्ठी मी पांडुरंगरावांपुढे ठेवली. या वेळी हळू आवाजात बोललो. ते नोंद वाचून म्हणाले, म्हणजे तुमचे पणजोबा घरजावई होते होय? मी म्हटलं, होय, आणि माणूस चांगला होता. सुपारी फुटली. त्या रात्री वर्षा तीन भाकरी जेवली, मी मोजल्या. लग्न रविवार, बारा मे, लिंबायतच्या वाडीत.

एवढीच हकीकत. सौ. सुनंदाबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तात्यांना साष्टांग दंडवत. (आशीर्वाद खोडून तुम्हाला नमस्कार का लिहिला ते आता कळलं असेल. तुमची आणि माझ्या पणजोबांची पायरी एकच, त्यांना मी आशीर्वाद कसा देऊ?)

तुमचा,
योगराज उखा-पणतू पाटील (आडनाव पणजोबांच्या सासुरवाडीचं)

ता. क. वर हेतू नाही असं लिहिलं ते खोटं आहे. पोरीला मांडवात आणायला मामा लागतो आणि वर्षाला मामा एकच आहे. शिवाय आई-वडील गेल्यापासून तुमच्या बहिणीचं माहेर म्हणजे तुम्ही, आणि माझ्या एका वाक्यापायी तिच्या माहेरपणाच्या अकरा आखाज्या सासरी गेल्या. तेव्हा यंदा आखाजीला मुराळी होऊन या, तिला पारोळ्याला घेऊन जा, आणि लग्नाला दोघं मिळून या. त्या दिवशी मी बोललो ते चुकलो. माफ करा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पत्र तुमच्या बहिणीला वाचून दाखवलं. ती पदराने डोळे पुसून उठली आणि गव्हाच्या कोठीखालून तुमचं कार्ड काढून आणलं, गेल्या महिन्याचं. ‘दाजींनी स्वतः बोलावलं तर येईन.’ म्हणजे तिने तुम्हाला आधीच लिहिलं होतं. मी म्हटलं, मग मला का नाही दाखवलंस? त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मी ओट्यावरच बसलो. पणजोबा घरजावई होते हे माझ्या आईने तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलेलं होतं. परागच्या पंगतीतही तिला ते ठाऊक होतं. मी चार रजा, दोन बस, एक पॅसेंजर आणि शेरभर पेढे खर्च केले तेव्हाही ठाऊक होतं. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, ‘मी सांगतू ते तुम्हले पटतं का? आते सोता वाचं ना? मंग टाका ते पत्र.’

ता. क. तिसरा. पंगतीत तुमच्या ताटात लाडू मी स्वतः वाढणार आहे. पारोळ्याला तार करणार नाही. तात्या शेजारीच बसलेले असतील, त्यांनाही घेऊन या.