तोंडलीची भाजी आणि भालकीचा फाटा

चिक्कडपल्ली, हैदराबाद
रविवार, १८ जानेवारी १९९८

श्री. अंबाजी यांस, स्टोअर्स विभागातल्या तुझ्या माजी शेजाऱ्याचा, म्हणजे प्रमोदचा, साष्टांग नाही तरी कंबर दुखेल इतका वाकून नमस्कार.

संदर्भ : तुझे चार महिन्यांचे न बोलणे.

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस याबद्दल आभारी आहे. (न फोडता मालनवहिनींच्या हाती दिलं असशील तर वहिनी, कृपा करून इथेच थांबा आणि पत्र अंबाजीला परत द्या. त्याच्या भल्यासाठी सांगतोय.) तुझं पित्त कसं आहे? मलकपेठेत नळाला पाणी किती वाजता येतं हल्ली? आम्ही सगळे ठीक आहोत. पाकिटात संक्रांतीच्या हलव्याचे सहा दाणे घातले आहेत. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचं पीठ झालं असेल तर चाटून घे, पण घे.

मी नव्या नोकरीत सुखी आहे. अमीरपेठेत मुलांना कॉम्प्युटर शिकवणारी कंपनी आहे, तिथला कारभार बघतो. साहेब निखिल नावाचा पुण्याचा मुलगा आहे, सव्वीस वर्षांचा. तिथे सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. तो 'प्रमोद' म्हणतो तेव्हा मी अजून मागे वळून बघतो, कुठल्या पोराला बोलावतोय म्हणून. आपल्या कारखान्यासारखा भोंगा नाही. दीड वाजता कंपनीचंच जेवण येतं. जो तो आपली ताटली घेऊन आपल्या टेबलाशी जातो आणि पडद्याकडे बघत जेवतो. दुसऱ्याच्या ताटात डोकावणं तिथे बरं दिसत नाही. (मी पहिल्या दिवशी डोकावलो होतो.) डबा नेण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे शैलाला सकाळी अर्धा तास जास्त झोप मिळते. तात्पर्य, मी सुखी आहे.

तर या निखिलने संक्रांतीच्या आधी मला बोलावून सांगितलं की तीन दिवस रजा घ्या आणि कुटुंबाला फिरवून आणा. साहेबच रजा घ्या म्हणून मागे लागतो, हे ऐकून मला घाम फुटला. आपल्याकडे तीन दिवसांच्या रजेसाठी मी धडधाकट काकांना दोनदा पोचवलंय, तुला माहीत आहे, अर्ज तूच लिहून दिले होतेस. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशातून एक जुनी मारुती घेतली आहे. (तोंड वाकडं करू नकोस. 'दोघांनीही सही करायची नाही' असं ठरलेलं असताना मी एका सोमवारी एकट्याने जाऊन सही केली, त्यावर खाली लिहिणार आहे.) निघालो कुठे? बीदरला. आपल्याच रस्त्याने. कँटीनच्या बिलामागे तू काढलेला नकाशा माझ्याकडे अजून आहे : दोघांपैकी कोणाकडे आधी गाडी येईल त्याने दुसऱ्याला सहकुटुंब घेऊन पटणचेरू, झहीराबाद, बीदर आणि तिथून तुझ्या भालकीला हुरडा खायला जायचं. नकाशावर तू प्रत्येक ठिकाणी एसटी चहाला थांबते ती जागा तेवढी दाखवली आहेस, वळायचं कुठे ते नाही. त्यामुळे आम्ही झहीराबादच्या अलीकडेच तीनदा चहा प्यालो आणि दोनदा चुकलो. आमची पल्लवी मागच्या सीटवर कानात गाणी घालून बसली होती. (बारावीला आहे. 'नाना, मॅप उल्टा पकडे क्या?' इतकंच विचारलं.)

मग गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी इंजिनाकडे बघत गंभीरपणे उभा राहिलो. शेजारच्या पंक्चरवाल्या मियाँने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "साब, गाडी को कुछ नै हुआ. तुम पानीच नै डाले." गाडी थंड होईपर्यंत करायचं काय, म्हणून चिंचेखाली सतरंजी टाकली आणि शैलाने डबा उघडला. माझा डबा, अंबाजी. तोच, तीन पुडांचा, झाकणाला पोचा आलेला.

तोंडली होती. मी घास घेतला आणि माझा जीव डोळ्यांतून बाहेर यायला लागला. उचकी, ठसका, नाकातून पाणी. पाण्याची बाटली रिकामी, कारण ते पाणी गाडीत ओतलेलं. मी कसाबसा म्हणालो, अगं, इतकं तिखट कधीपासून करायला लागलीस? शैला म्हणाली, लग्न झाल्यापासून. रोज हेच देत होते. रोज संध्याकाळी तुम्ही सांगायचात, आज लसूण झकास पडला होता.

आता मालनवहिनी वाचत नाहीत असं धरून चालतो. लग्नानंतरच्या पहिल्या डब्याबद्दल शैलाने विचारलं तेव्हा मी नव्या नवरेपणाच्या भरात 'आणखी तिखट चालेल' म्हणून बसलो, आणि ती उदगीरची, तिने मनावर घेतलं. आईला तिखट सोसत नसे म्हणून घरात सगळं मिळमिळीत, आणि माझ्यासाठी पहाटे उठून वेगळी लालभडक भाजी. तिकडे तुझ्या पित्तासाठी वहिनी दुधी आणि दहीभात देत होत्या. एका दुपारी आपण डबे बदलले ते एकोणीस वर्षं बदलत राहिलो. तू बोटं चाटत म्हणायचास, वहिनींना सांग. मी घरी जाऊन सांगायचो, पण तुझं नाव गाळून.

ते सगळं चिंचेखाली बाहेर आलं. पल्लवीने कानातलं काढलं. शैला डब्याचं झाकण हातात धरून बसली होती. रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग एवढी वर्षं मी पहाटे उठत होते कोणासाठी?"

मी म्हणालो, अंबाजीसाठी.

पुढे बीदर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. किल्ला पाहिला, नरसिंहाच्या झऱ्यात कमरेइतक्या पाण्यातून दर्शन घेतलं, तेही न बोलता. दुसऱ्या दिवशी भालकीच्या फाट्याशी गाडी थांबवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कुठेतरी आगटी पेटली होती, भाजक्या कणसांचा वास येत होता. गाडी होती, नकाशा होता, हुरडा होता. तू नव्हतास. तुझ्या गावात तुझ्याशिवाय शिरायचं आणि कोणी विचारलं की अंबाजी कुठाय, तर काय सांगायचं? मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा शैला बोलली. "भावजींना खरंच आवडायचं का? एवढं तरी खरं सांगा."

मी सांगितलं की रोज डबा पुसून घेतल्यासारखा लख्ख असायचा. ती मग म्हणाली, "आता काय खातात ते?"

तिथून गाडी मागे फिरवली. घरी येऊन हे पत्र लिहितोय.

सहीचं सांगायचं राहिलं. पल्लवीच्या इंजिनिअरिंगच्या खर्चाची भीती वाटली म्हणून केली. तुला आधी सांगितलं असतं तर तू एका वाक्यात मला अडवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. कामाच्या शेवटच्या दिवशी तू कँटीनला आला नाहीस. मी डबा न उघडता घरी आणला आणि शैलाला सांगितलं, भूक नव्हती.

थोरामोठ्यांना नमस्कार, वहिनींना पत्राचा मजकूर वगळून नमस्कार.

तुझा
प्रमोद

ता. क. वर मी सुखी आहे असं लिहिलंय. शाईने लिहिलं म्हणून खोडलं नाही.

ता. क. दुसरा : शनिवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते, आपल्या कारखान्याला नसते. येत्या शनिवारी साडेबाराच्या भोंग्याला मी गेटबाहेरच्या लिंबाखाली उभा असेन. पास जमा केलाय, आत सोडणार नाहीत, तेव्हा तुलाच बाहेर यावं लागेल. शैलाने तोंडली आणून ठेवली आहेत. पहाटे उठणार म्हणते, आणि लसूण कसा पडला ते या वेळी मी तुझ्या नावानिशी सांगावं म्हणते.

ता. क. तिसरा : वहिनींनी काय दिलंय ते मुद्दाम बदलायला सांगू नकोस. दुधीच असू दे.