दोन दिवस फिरवून बघा

प्रिय चिंगे,

काम टाकून लिहितेय, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे.

गुडघे गेलेत. तुझ्या भाऊजींना आता ऐकू येत नाही, त्यामुळे घरातली भांडणं कमी झाली. तेवढीच बरी बातमी.

कारखान्यानं मला परत बोलावलं, म्हातारीला. जुनं मोजणी यंत्र चालू करून एका शाळेला द्यायचंय, आणि आतल्या गॅस भरलेल्या काचेच्या नळ्या तिथं कुणालाच कळत नाहीत. एकानं विचारलं, आजी, हे बल्ब का? म्हटलं, बल्ब नुसता जळतो, ही मोजते. विजेचा एक धक्का दिला की आतला लाल ठिपका गोलात एक घर पुढे. दहा घरं झाली की धक्का शेजारणीला, पुढच्या नळीला. मग त्यांनी कोठीतून खोकं आणलं. आपल्याच टेबलावरचं, नापास नळ्यांचं.

तू विसरली नसशीलच. बारा नळ्या तू लावल्यास आणि बाराही ठिपके ठाण मांडून बसले. साहेब समोर उभे. तू म्हणालीस, ताई, मेल्या नाहीत गं, कोठीत पडून पडून आखडल्यात. मी म्हटलं, नळीला काय संधिवात होतो? सगळे हसले. वर साहेबांना सांगितलं, हिनं जास्त व्होल्टेज देऊन जाळल्या. मी बघितलं नव्हतं, चिंगे. टेबलाची मुख्य मी, काहीतरी उत्तर द्यायचं होतं, दिलं. दुसऱ्या दिवशी तुझं स्टूल रिकामं.

खोक्यात तुझी चिठ्ठी आहे. 'दोन दिवस फिरवून बघा.' तेव्हाही वाचली होती. म्हटलं, नसते लाड, आणि झाकण लावलं.

या सोमवारी लावल्या. व्होल्टेजचा काटा तू तेव्हा केलेल्या खुणेवरच ठेवला. ती खूण बरोबर होती, मीटर लावून बघितलं. पहिलीचा ठिपका सहावर. धक्के देत राहिले. नुसता थरथरायचा, पाऊल उचलायचा नाही. कंबर मोडली बसून. मंगळवारी दुपारी चहा पिता पिता बघते तर सातवर. मग आठ. संध्याकाळी गरागरा फिरायला लागला मेला. अकरा चालल्या. बारावी माझ्या हातून पडून फुटली, ती तुझ्या नावावर घालत नाही.

साहेब वारले, त्यांना आता काय सांगणार. तपासणीच्या कागदावर तुझं नाव लिहायला लावलं. पोरं विचारतात, ही कोण? म्हटलं, माझी धाकटी, तिचं बरोबर होतं. हे तुला कळावं म्हणून पत्र. तीस वर्षं लागली. माफी कशी मागतात ते मला येत नाही. चुकलं माझं. यंत्र शनिवारी नेणार आहेत. तोवर नळ्या फिरत्याच ठेवल्यात, थांबवल्या तर परत अडकतील अशी भीती वाटते. त्याआधी ये. बंद करायचं बटण तू दाब.

तुझं स्टूल पुसून ठेवणारी, तुझीच,
ताई