शिवणीत दाबलेलं कापड

प्रिय धाकटे,

भावोजींचा खोकला थांबला का? सूनबाईची पाठ आता कशी आहे? नातीचे पुढचे दात पडले, की अजून नुसतेच हलतायत? सगळ्यांचं विचारून झालं. तुझं विचारायला मात्र पेन अडखळतंय, म्हणून आधी माझंच सांगतो.

दोन वर्षांत आठ किलो उतरलो. हसू नकोस. पूर्वी एकेका महिन्यात दहा उतरवले होते, तेही तीनदा! दर वेळी उपाशी राहून. आणि दर वेळी स्वतःची विजार आत घेताना शिवणीत चार बोटं कापड दाबून ठेवायचो. गिऱ्हाइकाला दोन, मला चार. तुझी वहिनी म्हणायची, "बारीक होतानाच परत सुटायची तयारी! असा शिंपी नाही बघितला." सहा महिन्यांत शिवण उसवावीच लागे.

तिसऱ्या वेळचं तुला कधी बोललो नाही. कापड बेतता बेतता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातल्या कात्रीसकट मी आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा पातं मानेपासून वीतभर लांब होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्याचा हट्ट सोडा, जन्मभर जमेल तेवढंच करा. म्हणून आता वेळेवर जेवतो, ताटात भाजी जास्त घेतो, दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, दुकानात चालत जातो. कंटाळवाणं आहे गं. एखाद्या महिन्यात काटा जागचा हलत नाही, तेव्हा जीव वरखाली होतो. गेल्या आठवड्यात शिवणीतलं जास्तीचं कापड कापूनच टाकलं. इतकी वर्षं कात्री चालवतोय, पण या वेळी तीनदा उचलून खाली ठेवली.

धाकटे, परवा सूनबाईचा फोन आला. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी वजन उतरवायचं म्हणून तू आठवडाभर नुसत्या चहा-पाण्यावर आहेस, जिन्यात पडलीस, आणि दादाला कळवू नका म्हणालीस. तिच्यावर रागावू नकोस. हे खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं. दहा किलोंच्या बढाया तुला ऐकवल्या आणि पडलो ते लपवलं. परवापासून फोन वाजला की मला घाम फुटतो. फोनवर तू हसून टाळशील, म्हणून लिहितोय. ऑपरेशन पुढे गेलं तर जाऊ दे. आधी जेव, मग उत्तर लिही, काय जेवलीस ते खरं लिही. आणि लवकर लिही गं.

तुझाच घाबरट,
दादा