डुक्कर माझ्या नावावर

५ सप्टेंबर २००४, रविवार. येना, जर्मनी.
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. ही वही सुमेधाने दिली. म्हणाली, आई, मनातलं लिहून काढा, बरं वाटेल. म्हणजे तिला सांगत बसू नका. सून हुशार आहे. मी तिसरी पास. मनातलं लिहायला तिसरी पुरते.
येऊन चार दिवस झाले. व्हिसा तीन महिन्यांचा. तीन महिने रागवायचं नाही, असं विमानात पक्कं केलं होतं.
सकाळी दाण्याचं कूट करत होते तर खालची बाई वर आली. रविवारी रुहेत्साइट, खलबत्ता वाजवायचा नाही म्हणे. शांततेलाही टाइमटेबल. तिला मराठीत जे सांगायचं ते सांगितलं. हा राग धरायचा नाही, हा बाहेरच्या माणसावरचा होता.

६ सप्टेंबर, सोमवार
श्रीरंग शिकारी झाला. पोटच्या मुलाचं मला आज कळतंय. भिंगाच्या कंपनीत नोकरी, तिथे बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी बनतात, ऑफिसातले सगळे जंगलात जातात, म्हणून हाही. वर्षभर क्लास केला आणि परीक्षा दिली. लेखी, तोंडी आणि नेमबाजीची. आमच्याकडे परीक्षा डुक्कर घ्यायचं.
शिकारीचा राग नाही. आमचं खाणारं घर. राग सुमेधाचा. कोणाला तरी फोनवर सांगत होती, यांचे वडील मोठे शिकारी होते, त्यांनी एकदा भलंमोठं रानडुक्कर मारलं होतं.
तर इथे लिहून ठेवते. १९७१, दिवाळीच्या आधी. रानडुकराने आमची रताळी महिनाभर उकरली. घरात ठासणीची बंदूक. लायसन यांच्या नावावर. पण दारू मी भरली. आधी नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, वर शिशाची गोळी, मग गजाने ठासायचं. यांनी नुसता चाप ओढला. डुक्कर मेलं. गावाने शाल आणि नारळ यांना दिला. मला दिलं मटण, शिजवायला.
तेहेतीस वर्षं झाली. हे जाऊन नऊ. अजून गावात विचारा, डुक्कर दत्तात्रयने मारलं म्हणतील. मला आता त्याचं काही वाटत नाही.

११ सप्टेंबर, शनिवार
श्रीरंगने केलर दाखवलं. म्हणजे तळघर. तिथे हा काडतुसं भरतो. उडवलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी घरी आणायची, तिच्यात परत दारू, परत गोळी, एका दांड्याच्या यंत्रात दाबायची. इथे ह्याचा छंद करतात. आमच्याकडे ह्याला काटकसर म्हणायचे.
दारू तो तोलतो. एवढासा तराजू. दार बंद, खिडकी बंद, श्वास बंद. एक कण जास्त झाला तर चिमट्याने काढतो. मी म्हटलं, सोनारसुद्धा एवढा घाबरत नाही, आण इकडे, माझ्या हाताला अंदाज आहे. तर म्हणाला, आई, ह्याचं माझ्या नावाचं लायसन आहे, तू डब्याला हातही लावायचा नाहीस. आणि कपाटाला कुलूप लावलं. माझ्यासमोर.
ज्या बाईने तराजूशिवाय डुक्कर मारलं तिच्यासमोर.
एक चांगली बातमी. ह्या काडतूसवाल्यांचं मंडळ आहे. गावाबाहेरच्या खानावळीत मागच्या खोलीत जमतात. ६ नोव्हेंबरला नवे लोक उभे राहून आपली ओळख करून देणार. कोण, कुठले, काय मारलं, किती वर्षं भरताय. घरचे आले तरी चालतात. श्रीरंगची ओळख त्याच दिवशी.
माझीही. ठरलं. त्या खोलीत माझ्याइतकी जुनी भरणारी कोण असणार? डुक्कर एकदाचं माझ्या नावावर लागेल.
रोज जर्मनची दहा वाक्यं पाठ करायची.

१८ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी.
उकडीचे मोदक. आरती चालू, बेल वाजली. दारात क्राउझे नावाचा म्हातारा, हातात कागदात गुंडाळलेली हरणाची तंगडी. गणपतीच्या दिवशी. सुमेधाने हसून घेतली आणि फ्रीजरमध्ये कोंबली. माझ्याकडे पाहिलं नाही.
हा क्राउझे म्हणजे मंडळाचा जाणता. श्रीरंगला भरायला ह्यानेच शिकवलं. कोणी काय मारलं ती मंडळाची वहीही हाच लिहितो, म्हणजे कामाचा माणूस. म्हणून त्याला आठ मोदक वाढले. त्याने काट्याने खाल्ले. प्रत्येक मोदकाला आधी वरून भोक पाडलं, मग सुरी चालवली.
श्रीरंगकरवी मी विचारलं, तुमच्यात शिकारीनंतर काय करतात. म्हणाला, जनावर पडलं की त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास. आमच्यात मरणाऱ्याला तुळशीचं पान देतात, हे मेल्यावर देतात. पण देतात. मोदक दोन जास्त वाढले ते ह्यासाठी.
मी ६ तारखेला बोलणार आहे हे त्याला सांग म्हटलं. श्रीरंग काहीतरी बोलला. म्हातारा म्हणाला, गेनाऊ. म्हणजे एकदम बरोबर. श्रीरंगने नक्की काय सांगितलं ते मात्र कळलं नाही.

२७ सप्टेंबर
दहा वाक्यं जमत नाहीत. माझी चूक नाही, ह्यांचे शब्द मालगाडीसारखे, डबे संपत नाहीत. आता पाच.

४ ऑक्टोबर
दोन.

९ ऑक्टोबर
एकच, पण चोख. इश बिन यमुना, म्हणजे मी यमुना. नातीला, कादंबरीला, मराठी सगळं समजतं आणि उत्तर जर्मनमध्ये देते. ती हसली. तिच्या आईने हे वळण लावलंय. पुढचं श्रीरंग मराठीतून सांगेल. पोटचा मुलगा आहे, दुभाषी म्हणून तरी उपयोगाला यावा.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
उद्या दसरा. घरातलं सगळं पितळ आणि सगळी हत्यारं घासायची. सुमेधाकडे पितळ म्हणजे एक समई. हत्यार म्हणजे बंदूक, ती लोखंडी कपाटात, किल्ली फक्त श्रीरंगकडे, कायदा. पूजेलाही मिळणार नाही म्हणाला. कसला शिकारी, ज्याची बंदूक दसऱ्याला कोंडलेली?
मग केलरमध्ये गेले. दारूच्या कपाटाला कुलूप. पण टेबलावर सहा डबे, सगळ्यांत रिकाम्या पुंगळ्या, काळ्या पडलेल्या. पितळ. कोणी तरी बघतंय का त्यांच्याकडे?
सगळे डबे एका बादलीत ओतले. गावाहून आणलेली चिंच, मीठ, जरा रांगोळी. तीनशेच्या वर असतील. चार तास घासल्या. कंबर गेली. पण अशा झळकल्या की बस. पाटावर रांगोळी काढून, हळदकुंकू वाहून मांडून ठेवल्या. आता बोलू दे म्हणावं.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा.
बोलला. सणाच्या दिवशी.
प्रत्येक डब्यावर आकडा होता म्हणे. एकदा उडवलेल्या एकीकडे, दोनदा उडवलेल्या दुसरीकडे, असं सहापर्यंत. पुंगळी दरवेळी ताणते, कितव्यांदा भरतोय हे माहीत नसेल तर ती बंदुकीतच फुटते. आता एकही वापरता येणार नाही. अर्ध्या त्याच्या, अर्ध्या क्राउझेच्या.
मी म्हटलं, आकडे डब्यांवर कशाला, पुंगळ्यांवर लिहायचे. त्यावर तो रिकामे डबे आवरायला लागला, म्हणजे मुद्दा बरोबर होता. मग म्हणाला, तू ६ तारखेला येऊ नकोस.
आपट्याची पानं इथे नाहीत. असती तरी दिली नसती.

२४ ऑक्टोबर, रविवार
क्राउझे आला. श्रीरंग त्याच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा. म्हाताऱ्याने एक पुंगळी उचलली, खिडकीशी धरली, फिरवली. म्हणाला, श्योन. हा शब्द मला येतो. सुंदर. मग सगळ्या पिशवीत भरून घेऊन गेला. घरी काचेच्या कपाटात लावणार असेल.
जाणत्याला कळतं.

३० ऑक्टोबर, शनिवार
सुमेधाने सांगितलं. पिशवी भंगारात दिली. वर म्हणाली, आई, त्यांनी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून श्योन म्हटलं.
मला वाईट वाटत नाही, मला राग येतो. दोन्ही वेगळं आहे. आजपासून श्रीरंगशी अबोला. विमानात बसेपर्यंत.

३१ ऑक्टोबर
इथे आज घड्याळ एक तास मागे करतात. ते मला कोणी सांगितलं नाही. मी सातला चहा घेऊन बसले तर घर झोपलेलं. विचारावं लागलं. अबोला तिथे मोडला. तो सरकारमुळे मोडला, माझ्यामुळे नाही.

३ नोव्हेंबर, बुधवार
आज ह्यांच्या शिकाऱ्यांच्या संताचा दिवस. श्रीरंग हिरवा कोट घालून गेला. दारात थांबून म्हणाला, शनिवारी यायचं तर ये, पण पुंगळ्यांचं बोलू नकोस. सुमेधाने मध्ये पडून जमवलं असणार. मी लगेच हो म्हटलं नाही. आधी कोट नीट घाल म्हटलं. मग हो म्हटलं.

६ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी.
नऊवारी काढली. नेसून बसले आहे. भाषण तयार. आधी नाव, मग गाव, मग दारू, मग डुक्कर. यांचं नाव घ्यायचंच नाही.

७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
जसं झालं तसं लिहिते.
तीसेक पुरुष, दोन बायका, भिंतीवर शिंगं. नवे लोक एकेक उठले. नाव, नोकरी, काय मारतो, किती वर्षं भरतो. संपलं की सगळे टाळ्यांऐवजी टेबलावर बोटांची पेरं ठोकतात. श्रीरंग उठला. तो जर्मनमध्ये बोलला. वडील हा शब्द मी ओळखला. दोनदा आला. आई आलाच नाही.
मी उठले. कोणी बोलावलं नव्हतं.
इश बिन यमुना, म्हटलं. चोख. मग मराठीत. रताळी, काथ्या, गोळी, गज, सगळं. श्रीरंग सांगत गेला. खोली कान देऊन ऐकत होती, अगदी बिअरचा आवाजही नाही. तेहेतीस वर्षांत इतक्या माणसांनी माझं एका वेळी कधी ऐकलं नव्हतं.
क्राउझेने विचारलं, दारू किती घातलीत? मी मूठ दाखवली. दोनदा. महिनाभराचा राग होता, हात आखडता कशाला घ्यायचा? पलीकडे कोणी तरी हसलं. क्राउझे हसला नाही. त्याच्या बाजूच्याने ग्लास खाली ठेवला.
मग क्राउझेने वही पुढे ओढली आणि विचारलं, गोळी कुठे लागली? शिकारी हे विचारतातच म्हणे, त्याशिवाय वहीत जात नाही.
मी श्रीरंगकडे पाहिलं. त्याने मला न विचारताच उत्तर दिलं. खूप वेळ बोलला. कोणी पेरं ठोकली नाहीत.
मी विचारलं, काय सांगितलंस?
"आई, गोळी लागलीच नव्हती. डुक्कर झावळ्यांवर भाजताना आम्ही सगळी पोरं तिथेच बसलो होतो. अंगावर एक भोक नव्हतं. आवाजाला बुजून पळालं आणि चिऱ्याच्या खाणीत पडलं."
मटणात शिसं सापडलं नाही, हे खरं. मी समजले आरपार गेली.
मी म्हटलं, मग तुझ्या बापाने शाल कशाला घेतली?
"दारू जास्त झाली, बंदूक फाटली. ती त्यांनी तुला दिसू दिली नाही. बाबा मागे फेकले गेले, खांदा मोडला. सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं सगळ्यांना. आम्हाला दम भरला, दारू कोणी भरली ते बोलायचं नाही, लोक तिला हसतील. लोक डुकराचं विचारायला लागले, तर म्हणाले मी मारलं. मग विचारायचे थांबले."
सगळ्या गावाला खोटं सांगितलं? म्हटलं.
"सगळ्या गावाला."
मी खाली बसले. तेव्हा पेरं ठोकली त्यांनी. कशाबद्दल कोण जाणे.

८ नोव्हेंबर, सोमवार
राग आलाय. यांचा. सांगायला काय झालं होतं? त्यानंतर चोवीस वर्षं एका घरात होतो. मी त्या शालीवरून रोज टोमणा मारायचे, एक दिवस चुकवला नाही. ऐकून घ्यायचे आणि पान लावायचे. उजवा हात डोक्याच्या वर जायचा नाही. फळीवरचा डबा काढायला मलाच हाक मारायचे. मी आळशी म्हणायचे, चारचौघांत.
नऊ वर्षं झाली जाऊन. आता भांडायचं कोणाशी? सुमेधाशी भांडून बघितलं सकाळी. मजा नाही आली.
दुपारी क्राउझेच्या वहीतल्या पानाची प्रत पोस्टाने आली. सुमेधाने वाचली. रानडुक्कर, भारत, १९७१. शिकार ह्या रकान्यात नाही, पडून मेलेल्या जनावरांच्या रकान्यात. त्याला इथे वेगळा रकाना आहे. मारणारा: कोणी नाही. दारू भरणारी: यमुना. पुढे बारीक अक्षरात, नवीन सभासदांनी असं करू नये.
वजन: नव्वद किलो. ते निघताना त्याने मला विचारलं होतं.
साठ असेल.