वर्षाला तीन बोटं

१० नोव्हें., सोमवार

हर्सूलला गारठा सुरू. तळ्यावरचं वारं थेट आमच्या अंगणात, आणि अंगणात आईची बाज. आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "छाती भरलीय, थंडीत बाहेर झोपू देऊ नका." आई माझ्याकडं असं बघत होती की मीच त्यांना पढवून आणलंय.

त्र्याण्णवच्या भूकंपापासून ती छपराखाली निजलेली नाय. त्या रात्री आमच्या जुन्या गावी आई-आबा मेंढरांपाशी रानात होते, मी तान्ही तिच्या कुशीत. दादा गणपती बुडवायचा म्हणून गावात राहिला, घरात निजला. पुढचं लिहवत नाय.

यंदा तिला घरात निजवणार. निजवणारच! दुसऱ्यांच्या पोरांना भूगोल शिकवते मी, आईला एवढं समजावता येऊ नये?

१६ नोव्हें., रविवार

चुलीपाशी बसल्याचा मुहूर्त धरला. भाकरी टम्म फुगली तसं म्हटलं, "आई, हा वरचा पापुद्रा बघ. आपण राहतो ते कवच असंच पातळ. त्याखाली प्रावरण, तापलेला दगडच, पण लई हळू वाहतो. पार मधी गाभा. आणि वरचा थर अखंड नाय, त्याच्या प्लेटा झाल्यात. सरकतात त्या, आपली वर्षाला दोन-तीन बोटं."

"प्लेट तर माझीबी हाय की," आई म्हणाली.

हिची प्लेट म्हणजे ते ताट. रोज सांजच्याला बाजेशेजारी तांब्या पालथा घालायचा, त्यावर ताट ठेवायचं. जमीन हलली की वाजणार. वाजतं ते शेजारच्या शाहीन भाभीच्या मांजरानं, अन् गल्ली उठते. भाभी हसतात, "अम्मा का भोंगा बजा!"

मी पुढं रेटलं. भूकंप प्लेटांच्या काठावर होतात, काठ तिकडं हिमालयाकडं, आपण मधोमध, तू बिनघोर नीज.

आईनं चूल सारखी केली. "मग आपलं गाव काठावर व्हतं का गं?"

भाकरी करपली.

१८ नोव्हें., मंगळ.

नववीला नेमका तोच धडा. फळ्यावर लिहिलं: "बहुतांश भूकंप भूपट्टांच्या सीमेवर होतात." खडू तिथंच थांबला. बहुतांश! घरी हा शब्द मी गिळला होता. मुद्दाम गिळला. जिचं पोर त्या उरलेल्यात गेलं, तिच्यापुढं.

चीड आली स्वतःची. पण माघार नाय. आता खरं सांगून आत आणायचं.

२३ नोव्हें., रवि.

सांगितलं. "आई, मी अर्धं बोलले. कळप दाटून चाललाय, पुढं कुंपण आलं, तरी मागची मेंढरं रेटतातच. मग काय होतं?"

"मधलं अशक्त कोकरू खाली जातं."

"तसंच. आपली जमीन हिमालयाला रेटतीय. तो रेटा मधेपण येतो. जिथं आत जुनी चीर असंल, तिथं कधीतरी सुटतो."

"म्हंजी कव्हाबी? हितंबी?"

"व्हय. तिथल्यापेक्षा भीती कमी, पण नायच असं नाय. कव्हा, ते कुणालाच सांगता येत नाय."

आई माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आदी खोटं कशाला बोललीस?" मी रडले. ती नाय रडली. मी म्हटलं, "दादाला जमिनीनं नाय नेलं आई. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंतीनं नेलं, वरच्या मातीच्या वजनानं नेलं." ती उठून बाजेवर गेली. रात्रभर खोकला.

३० नोव्हें., रवि.

वर्गमित्र इंजिनिअर आहे, त्याला बोलावलं. खांब, तुळया पाहिल्या. घर धडधाकट म्हणाला, पण माळ्यावरचं ओझं उतरवा, कपाट भिंतीला जखडा. दिवसभर तेच केलं. हाताला फोड. आई अंगणातून बघत होती. पाटा-वरवंटा उतरवताना स्वतः आत आली, खालून धरला. "डोस्क्यावर दगड ठिवून निजत व्हतीस व्हय गं!" माझ्यावरच डाफरली.

पाटा खाली ठेवला आणि गेली बाहेर.

४ डिसें., गुरु.

आज थंडी कडक. जेवणं झाली, भांडी घासत होते, तर खरखर आवाज. आई बाज ओढत होती. एकटीच, धापा टाकत. मी धावले तर म्हणे, "हात लावू नगंस."

उंबऱ्यापर्यंत आणली. थांबली. "जमीन वर्साला किती सरकते म्हनलीस?"

"तीन बोटं. फार तर."

बाजेचे पुढचे पाय उंबऱ्यावरून आत घेतले, बोटं लावून मोजली. "मग मीबी तेवढीच."

आता बाज दारातच. तिचं डोकं अंगणात, पावलं माझ्या घरात. तांब्या-ताट मात्र तिनं आतल्या फरशीवर, माझ्या उशाशी मांडलंय.

दार लागत नाय. स्वेटर घालून लिहितेय.